प्रिंटर स्वस्त, शाई महाग: हा हिशेब लावतं कोण?

चार-साडेचार हजारांत रंगीत प्रिंटर मिळतो. तोच झेरॉक्स काढतो, स्कॅनही करतो. घरी आणल्यावर मुलांचे दोन प्रोजेक्ट, एक-दोन हॉल तिकिटं, एखादा सातबारा एवढं छापून होतं आणि पडद्यावर सूचना येते की शाई संपत आली. बाजारात काळं आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिज घ्यायला गेलं की बिल प्रिंटरच्या किमतीच्या जवळपास निम्म्यावर जातं. मग घरोघरी तोच प्रश्न पडतो: शाई एवढी महाग कशी? यापेक्षा नवा प्रिंटरच का घेऊ नये?

शाई बनवायला महाग पडते म्हणून ती महाग आहे, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. प्रिंटरची किंमत खोक्यावरून उचलून शाईवर टाकलेली असते, आणि ती तिथून निसटू नये म्हणून यंत्राला कुलपं घातलेली असतात. हा सगळा प्रकार समजून घ्यायचा तर आधी शाईचा थेंब कागदावर कसा उडतो ते पाहावं लागेल.

थेंब उडतो कसा

1977 मध्ये जपानमधल्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करत होते. शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं आणि सुईच्या टोकातून शाई फवाऱ्यासारखी उडाली. त्यातून कॅननचं 'बबल जेट' तंत्र पुढे आलं. साधारण त्याच काळात अमेरिकेत एचपीचे अभियंतेही स्वतंत्रपणे याच कल्पनेवर पोहोचले होते. 1984 मध्ये एचपीने 'थिंकजेट' बाजारात आणला. त्याच्या हेडला, म्हणजे शाई उडवणाऱ्या भागाला, फक्त 12 छिद्रं होती. आजच्या साध्या घरगुती प्रिंटरला शेकडो असतात.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चर्र होऊन उडतो, तसंच काहीसं इथे घडतं. केसाहूनही बारीक अशा प्रत्येक छिद्रामागे एक इवलासा रेझिस्टर, म्हणजे विजेने तापणारा भाग, असतो. तो काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंशांच्या आसपास तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा एक थेंब बाहेर ढकलतो. थेंबाचं माप पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात मोजतात. एचपी आणि कॅननचे बहुतेक घरगुती प्रिंटर असे चालतात. एप्सनची पद्धत वेगळी आहे. तिथे उष्णता नसते. विजेचा दाब दिला की वाकणारा पिझो स्फटिक शाईला धक्का देतो.

हे काम करणारी शाई दौतीतल्या शाईसारखी साधी नसते, हे कंपन्यांचं म्हणणं खरंच आहे. छिद्रात ती सुकता कामा नये, पण कागदावर पडताक्षणी सुकली पाहिजे. शेकडो अंश सोसून तिने तळाशी थर धरायचा नाही, आणि रंग उन्हात विटताही कामा नये. त्यामागे रसायनशास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

थिंकजेटमध्ये आणखी एक गोष्ट ठरली आणि तिचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत. सतत तापून-निवून हेड झिजतं. मग एचपीने हेड आणि शाई एकाच डबीत बसवली: शाई संपली की हेडसकट डबी बदलायची. अडचणीवरचा तो चांगला उपाय होता. दर वेळी नवं हेड मिळत असल्यामुळे छपाईही स्वच्छ यायची. पण त्यामुळेच 'शाई विकत घेणं' म्हणजे 'यंत्राचा एक भाग पुन्हा पुन्हा विकत घेणं' असं समीकरण बसलं. आजही ज्या कार्ट्रिजच्या खाली तांब्याची पट्टी आणि बारीक छिद्रांची रांग दिसते, त्यात तुम्ही हेडचेही पैसे देत असता.

किंमत खोक्यावरून शाईवर कशी गेली

1988 मध्ये आलेला एचपीचा पहिला डेस्कजेट हजार डॉलरच्या आसपास होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत घरगुती इंकजेट शंभर डॉलरच्या खाली आले. यंत्र बनवण्याचा खर्च घटला हे त्याचं एक कारण. दुसरं असं की कंपन्यांनी यंत्रावर फायदा घ्यायचंच सोडलं. प्रिंटर जवळजवळ खर्चाच्या भावात, कधी तोटा सोसूनही विकायचा आणि पुढची काही वर्षं शाईतून वसुली करायची, असा धंदा ठरला.

हे आरोप म्हणून मी लिहीत नाही. जानेवारी 2024 मध्ये एचपीचे तेव्हाचे प्रमुख एन्रिके लोरेस यांनी एका मुलाखतीत हे उघडच सांगितलं. ग्राहक प्रिंटर घेतो तेव्हा ती आमची त्याच्यातली गुंतवणूक असते, आणि तो पुरेसं छापत नसेल किंवा आमची शाई वापरत नसेल तर ती गुंतवणूक वाईट ठरते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

आता पानामागचा खर्च काढून बघू. आपल्याकडच्या छोट्या काळ्या कार्ट्रिजवर शे-सव्वाशे पानांचा उतारा, म्हणजे त्यातून किती पानं निघतील तो आकडा, लिहिलेला असतो. कार्ट्रिज 800 रुपयांचं आणि उतारा 120 पानांचा धरला, तर एका पानाला साडेसहा रुपयांहून जास्त पडतात. तेही थोडाच मजकूर असलेल्या ठराविक नमुना पानांसाठी, आणि सलग छापलं तर. पानभर चित्र छापलं की हा आकडा कितीतरी वर जातो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच काळं पान दोन-चार रुपयांत देतो आणि त्यात त्याचं दुकानही चालतं.

आता टाकीवाल्या प्रिंटरमध्ये ओतायच्या शाईच्या बाटलीकडे या. एप्सनच्या 003 क्रमांकाच्या काळ्या बाटलीत 65 मिलिलीटर शाई असते आणि कंपनी तिचा उतारा 4,500 पानं सांगते. बाटली 500 रुपयांची धरली तरी पानाला अकरा-बारा पैसे पडतात. साडेसहा रुपये आणि बारा पैसे, दोन्हीकडे नामांकित कंपन्यांची अस्सल शाई. छोट्या कार्ट्रिजमध्ये हेडचा खर्च असतो हे मान्य करूनही पन्नासपटीहून मोठा हा फरक रसायनाचा असू शकत नाही. तो फक्त पैसे कुठून घ्यायचे याचा आहे. टाकीवाला प्रिंटर अकरा-बारा हजारांपासून पुढे मिळतो, कारण त्यात यंत्राचे पैसे यंत्रावरच घेतलेले असतात.

ही टाकी कंपन्यांनी आपणहून आणली असंही नाही. इंडोनेशियात आणि आपल्याकडेही लोक कार्ट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडत होते. स्टुडिओवाले, झेरॉक्सवाले, लग्नपत्रिका छापणारे अशा प्रिंटरवर दिवसभर काम करायचे. 2010 मध्ये एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला आणि लगेच तो भारतातही आला. अमेरिकेतल्या ग्राहकाला त्यासाठी 2015 पर्यंत थांबावं लागलं. जिथे लोकांनी महाग कार्ट्रिज घेण्याऐवजी जुगाड केला तिथे टाकी आधी पोहोचली, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वात बोलकी गोष्ट वाटते.

न छापताही शाई जाते कुठे

'मी महिन्याला पाचच पानं छापतो, तरी शाई संपते' ही तक्रार खोटी नसते. छिद्रात शाई सुकू नये म्हणून प्रिंटर अधूनमधून स्वतःच थोडी शाई ओढून हेड साफ करतो. ती शाई प्रिंटरच्या पोटातल्या एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने अधूनमधून छापणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे चाचण्या केल्या, तेव्हा बऱ्याच मॉडेलांमध्ये निम्मी किंवा त्याहून कमी शाई कागदापर्यंत पोहोचली. म्हणजे जो कमी छापतो त्यालाच पान सर्वात महाग पडतं, आणि स्वस्त प्रिंटर नेमका तोच घेतो.

तिरंगी कार्ट्रिजमध्ये आणखी नुकसान होतं. निळा, गुलाबी आणि पिवळा हे तीन रंग एकाच डबीत असतात. त्यातला पिवळा संपला की उरलेले दोन टाकून द्यावे लागतात. काळं-पांढरं छापतानाही अनेक प्रिंटर गडद छटेसाठी रंगीत शाई मिसळतात. सेटिंगमध्ये नुसतं 'ग्रेस्केल' निवडून हे थांबेलच असं नाही. 'फक्त काळी शाई' असा वेगळा पर्याय असेल तर तो शोधावा लागतो.

शाई किती उरली हे प्रिंटर पुष्कळदा डबीत पाहून सांगत नाही. किती थेंब उडवले याची तो मोजणी ठेवतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. म्हणून 'संपली' असं सांगितल्यावरही डबीत शाई निघते, आणि रिफिल केलेलं कार्ट्रिज भरलेलं असूनही रिकामं दाखवतं. पोटातल्या पॅडचीही अशीच मोजणी असते. ती भरली की काही प्रिंटर छपाई थांबवतात आणि सेवा केंद्रात न्यायला सांगतात. फ्रान्समध्ये 2017 मध्ये एका संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली, त्यात शाई शिल्लक असताना आणि पॅड बदलता येण्यासारखा असताना छपाई अडवली जाते हाच मुद्दा होता. यंत्र मुद्दाम लवकर निकामी करणं हा फ्रान्समध्ये 2015 पासून गुन्हा आहे, आणि त्या कायद्याखाली एप्सनविरुद्ध चौकशी सुरू झाली.

चिप नावाचं कुलूप

इथवरचा सगळा मामला महागाईचा झाला. महागाई मला एकवेळ समजते. न परवडणारी वस्तू न घेण्याचं स्वातंत्र्य ग्राहकाकडे असतंच. पण ते स्वातंत्र्यच काढून घेण्याचा प्रकार चिपने सुरू होतो.

कार्ट्रिजवर नखाएवढी सोनेरी पट्टी असते. प्रिंटर तिच्याशी बोलतो, ओळख पटली तरच छापतो. अमेरिकेतल्या लेक्समार्क कंपनीने लेझर प्रिंटरच्या टोनरवर, म्हणजे त्यातल्या कोरड्या शाईच्या डबीवर, अशी चिप बसवली होती. स्टॅटिक कंट्रोल नावाच्या कंपनीने तिच्यासारखी चिप बनवली, तेव्हा लेक्समार्कने 2002 मध्ये कॉपीराइटचा खटला भरला. ज्या प्रोग्रामची नक्कल झाली म्हणून एवढा वाद झाला तो अवघ्या 55 बाइटांचा होता. दुसऱ्या एका मॉडेलमधला त्याहूनही छोटा. 2004 मध्ये अपील न्यायालयाने लेक्समार्कच्या विरोधात निकाल दिला. पुढे 2017 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्कच्याच दुसऱ्या खटल्यात सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. मग ती अमेरिकेत विकलेली असो की परदेशात. रिकामं कार्ट्रिज विकत घेऊन भरून विकणारा पेटंट मोडत नाही, हा त्याचा थेट अर्थ.

न्यायालयात दार उघडलं तरी यंत्रातलं दार बंद ठेवता येतं. 13 सप्टेंबर 2016 या दिवशी जगभरातल्या अनेक एचपी ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज अचानक नाकारली. आदल्या दिवसापर्यंत तीच कार्ट्रिज चालत होती. काही महिने आधी आलेल्या फर्मवेअरच्या (प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रामच्या) अपडेटमध्ये ही तारीख आधीच भरून ठेवली होती. 'सुरक्षा अपडेट' म्हणून लोकांनी जे स्वीकारलं, त्याने त्यांच्या घरातलं, पैसे मोजून घेतलेलं यंत्र बदललं. ओरड झाल्यावर कंपनीने नीट कळवलं नाही म्हणून माफी मागितली आणि ती अट काढणारं वेगळं फर्मवेअर दिलं, पण धोरण सोडलं नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहकांना 50 डॉलर भरपाई द्यावी लागली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर 2020 मध्ये 1 कोटी युरोंचा दंड केला.

बनावट शाईपासून संरक्षण आणि सुरक्षितता हे कंपन्यांचं उत्तर असतं. बनावट माल बाजारात आहे हे खरं. पण चिप दर्जासाठी किती गरजेची आहे याचा दाखला 2022 च्या सुरुवातीला कॅननकडूनच मिळाला. जगात चिपांचा तुटवडा होता, म्हणून कॅननला ऑफिसच्या मोठ्या यंत्रांचे टोनर चिपेविना पाठवावे लागले. तेव्हा कंपनीच्या जर्मनीतल्या शाखेने ग्राहकांना स्वतःच सांगितलं की सूचना आली तर ती बंद करा आणि छापत राहा. छपाईवर परिणाम होत नाही, फक्त टोनर किती उरला ते नीट कळणार नाही, असंही त्यात होतं.

परदेशातल्या आपल्या लोकांना आणखी दोन कुलपं भेटतात. अनेक प्रिंटर प्रदेशाला बांधलेले असतात. अमेरिकेतून किंवा दुबईहून सामानात आणलेल्या प्रिंटरला पुण्यात घेतलेलं कार्ट्रिज चालेलच असं नाही, कारण कार्ट्रिजचे क्रमांक आणि प्रदेशसंकेत वेगळे असतात. त्यामुळे असा प्रिंटर इकडे आणू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. दुसरं कुलूप वर्गणीचं. एचपीच्या इन्स्टंट इंक योजनेत दर महिन्याला ठराविक पानांचे पैसे भरायचे, शाई घरी येते. वर्गणी थांबवली की त्या योजनेतली कार्ट्रिज, आत शाई असली तरी, छापत नाहीत. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी 'एचपी प्लस' असं लिहिलेलं मॉडेल घेताना अट वाचावी: प्रिंटर इंटरनेटला जोडलेला ठेवायचा आणि कायम कंपनीचीच शाई वापरायची.

मग घ्यायचं काय

महिन्याला पाच-दहा पानंच लागत असतील तर प्रिंटर घेऊ नका. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण हिशेब तसाच येतो. महिनाभर पडून राहिलेला इंकजेट वैशाखाच्या उन्हात हेड सुकवून बसतो आणि ते साफ करायला आणखी शाई पितो.

फक्त काळा मजकूर लागत असेल, म्हणजे अर्ज, नोट्स, उतारे, तर काळा-पांढरा लेझर घ्या. टोनर ही कोरडी पूड असते. सहा महिने पडून राहिली तरी सुकण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत, वकिलांच्या टेबलावर, सायबर कॅफेत एचपीचा लेझरजेट 1020 अजून दिसतो, त्याला कारण आहे. त्याचा 12ए टोनर 2,000 पानं देतो, त्यावर चिप नाही आणि गावोगावचा रिफिलवाला तो भरून देतो. चिप नसली की वीस वर्षं जुनं यंत्रही चालू राहतं. नवा लेझर घेताना मात्र त्याच्या टोनरवर चिप आहे का आणि इथला रिफिलवाला तो भरतो का, हे आधी विचारा.

रंगीत आणि नियमित छपाई असेल, घरात शाळकरी मुलं असतील किंवा महा ई-सेवा केंद्र चालवत असाल, तर टाकीवाला प्रिंटर. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांचे आहेत. त्यातही शाई सुकू शकते, म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान काढावं, आणि घर बदलताना तो आडवा-तिरका करू नये. पॅड घरी बदलता येईल असं मॉडेल मिळालं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. फोटोंसाठी लॅबमध्ये जावं; घरी चकचकीत कागद आणि शाई यांत त्याहून जास्त पैसे जातात.

घरात आधीच कार्ट्रिजचा प्रिंटर असेल तर तो त्याच्या बटणानेच बंद करा, बोर्डावरच्या स्विचने नको. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. मधेच वीज गेली तर ते उघडंच राहतं. वीज आल्यावर प्रिंटर चालू करून नीट बंद करावा. रोजच्या कामाला 'ड्राफ्ट' छपाई पुरते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शाई घेताना तीन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नका. रिफिल म्हणजे तुमचंच कार्ट्रिज पुन्हा भरणं. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेलं कार्ट्रिज. हे दोन्ही विकणं-घेणं गैर नाही. दर्जा मात्र दुकानदारागणिक बदलतो. डुप्लिकेट म्हणजे मूळ कंपनीचं खोटं नाव छापलेलं, आणि ती फसवणूक आहे. दुसऱ्याची शाई चालत असेल तर फर्मवेअरचं आपोआप अपडेट बंद ठेवता येतं का ते सेटिंगमध्ये पाहा. वायफायवर असलेल्या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्याही अपडेटमधूनच मिळतात, त्यामुळे हा निर्णय सोपा नाही. माझा रोष आहे तो सुरक्षेची दुरुस्ती आणि शाईचं कुलूप एकाच पुडीत बांधून देण्यावर.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरुवातीच्या क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं होती. प्रिंटरचा त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता. तो व्हायला हवा, आणि विक्रीनंतरच्या अपडेटने दुसऱ्याची शाई अडवायला मनाई हवी. दुसऱ्या कंपनीची शाई चालणार नाही ही अट खोक्यावर ठळक मराठीत छापणं, ही तर किमान गोष्ट झाली.

तोवर बिल आणि खोक्याचा फोटो जपून ठेवा. आधी चालणारं कार्ट्रिज अपडेटनंतर नाकारलं गेलं, तर पडद्यावरच्या सूचनेचा तारखेसह फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध दाद मागायची सोय आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.